मे महिन्याची कोंडी दिवाळीत ठरते

दिवाळी अंक हातात पडतो तेव्हा पाऊस ओसरलेला असतो. ऊन अजून चटके देत नाही, धूळ बसलेली असते, आणि रस्त्याच्या कामासाठी वर्षातला सगळ्यांत चांगला काळ नुकता सुरू झालेला असतो. ठाण्याजवळच्या दिव्यात मात्र या दिवसांत खड्डे बुजवण्यापलीकडे फारसे काही हलत नाही. खरे खोदकाम सुरू होते ते होळी पेटल्यावर. एप्रिल उजाडला की अर्धा रस्ता पत्र्यांच्या आड जातो आणि उरलेल्या अर्ध्यातून रिक्षा, दुचाकी, पाण्याचे टँकर, शाळेच्या बस एकमेकांना रेटत निघतात. मला या लेखात एकच सांगायचे आहे: ही कोंडी मे महिन्यात तयार होत नाही. ती आत्ता, या आठवड्यांत, कोणत्या फायली पुढे सरकतात आणि कोणत्या नाहीत यावर ठरते.

दिवा हे रेल्वेचे गाव. वसईकडचा आणि पनवेलकडचा फाटा इथे मुख्य मार्गाला मिळतो, सावंतवाडीची गाडी इथून सुटते. म्हणून बाहेरच्यांना वाटते, दिवेकरांना रस्त्याचे काय एवढे? पण ९ जून २०२५ला दिवा-मुंब्रादरम्यानच्या वळणावर गर्दीच्या लोकलमधून माणसे खाली पडली, जीव गेले. ज्याला ती गर्दी टाळायची आहे त्याच्यापुढे दुचाकी किंवा रिक्षा हाच पर्याय उरतो. रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली तर कळव्याचे महापालिकेचे रुग्णालय गाठायचे असते, आणि तेही रस्त्यानेच.

आता हा रस्ता कोणाचा, ते पाहा. घरासमोरचा ठाणे महापालिकेचा. पुढचा कल्याण-शीळ रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा. ठाण्याकडे वळलात तर मुंब्रा बायपास सार्वजनिक बांधकाम विभागाचा. डोंबिवलीकडे वळलात तर मेट्रो १२चे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (एमएमआरडीए) आणि थोड्याच अंतरावर कल्याण-डोंबिवली महापालिकेची हद्द. दिवा स्थानकालगतचे फाटक मध्य रेल्वेचे. प्रत्येकाचा निधी वेगळा, निविदा वेगळी, ठेकेदार वेगळा. पावसाळ्याआधी संपवायची घाई मात्र सगळ्यांची एकाच महिन्यात येते. दिव्याहून ठाण्यापर्यंतचा सलग प्रवास ही यांपैकी कोणाचीच जबाबदारी नाही.

याचा मोठा अनुभव या पट्ट्याने २०१८मध्ये घेतला. मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी मे महिन्यात बंद झाला आणि सप्टेंबरमध्ये खुला झाला. न्हावा-शेवा बंदरातून भिवंडी, नाशिक, गुजरातकडे जाणारी अवजड वाहने ऐरोली, ठाणे आणि कल्याण-शीळ मार्गांवर आली. मेमध्ये काम काढले की जरा रेंगाळताच पाऊस गाठतो, आणि पावसात ते आणखी रेंगाळते. दुरुस्ती गरजेचीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण नोव्हेंबरमध्ये हातात घेतली असती तर कोरडे सात महिने पुढे होते.

मग तशी का घेतली जात नाहीत कामे? अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, मग कार्यादेश. मध्ये पावसाळा येतो आणि फाइल थांबते, जणू पाऊस कार्यालयाच्या आतही पडतो. नंतर सण, कधी आचारसंहिता. जानेवारीत जाग येते, ३१ मार्चपूर्वी निधी खर्ची टाकायचा असतो, आणि प्रत्यक्ष यंत्रे रस्त्यावर उतरतात तेव्हा पाऊस दोन महिन्यांवर आलेला असतो. पावसाळ्याचे चार महिने कागदपत्रांसाठी वापरले आणि दसऱ्यापर्यंत कार्यादेश हातात ठेवला, तर हे काम हिवाळ्यात होऊ शकते. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही की वेगळा पैसा.

उन्हाळ्यातल्या या घाईने कामाचेही नुकसान होते. डांबराला कोरडी हवा मानवते आणि ते थंड झाले की रस्ता खुला करता येतो. पण आता सगळीकडे काँक्रीट घालतात, आणि काँक्रिटला वाहने सोडण्यापूर्वी साधारण २८ दिवस द्यावे लागतात. त्यातले पहिले दोन आठवडे त्याला सतत ओले ठेवावे लागते. मेच्या उन्हात ओले गोणपाट बघता बघता सुकते, म्हणजे पाणी जास्त लागते, आणि ते नेमके अशा दिवसांत जेव्हा दिव्यातल्या बायाबापड्या टँकरची वाट पाहत हंडे लावून उभ्या असतात. पाणी कमी पडले तर पृष्ठभागाला तडे जातात. दीडशे अंशांच्या आसपास तापलेले डांबर पसरवणारा मजूर त्या उन्हात दुपारभर उभा असतो, त्याचा विचार तर आपल्या कोणत्याच वेळापत्रकात नाही.

पावसात घाईने खुल्या केलेल्या कामाचे काय होते तेही आपण पाहिले. कल्याण-शीळ रस्त्यावरचा पलावा पूल ४ जुलै २०२५ला खुला झाला आणि दुचाकी घसरू लागल्याने काही तासांतच त्याच्यावरची वाहतूक थांबवावी लागली.

या सगळ्याच्या मुळाशी एक हिशेब आहे. रस्त्याच्या अंदाजपत्रकात मुरूम, खडी, सिमेंट, मजुरी, वाहतूक, सगळ्याचा दर दरसूचीप्रमाणे मांडलेला असतो. रिक्षावाल्याच्या बुडालेल्या फेऱ्या, कामावर उशीर झाला म्हणून कापलेला अर्धा दिवस, रुग्णवाहिकेची अडलेली मिनिटे यांना तिथे रकाना नाही. ज्याची किंमत लावलेली नाही ते वाटेल तसे खर्च होते. विलंबाबद्दल दंडाची तरतूद करारात असते, पण मुदतवाढ मंजूर झाली की तो प्रश्न तिथेच मिटतो.

हा रकाना घालता येतो. लंडनमध्ये २०१२पासून वर्दळीच्या ठरावीक रस्त्यांवर गर्दीच्या वेळी खोदकाम करणाऱ्याला दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत भाडे भरावे लागते. त्यामुळे काम रात्री होते किंवा झटपट होते. १९९४च्या भूकंपात लॉस एंजेलिसमधल्या सांता मोनिका महामार्गाचे पूल कोसळले, तेव्हा करारात मुदतीआधीच्या प्रत्येक दिवसाला दोन लाख डॉलर बक्षीस आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला जवळपास तेवढाच दंड होता. काम मुदतीच्या ७४ दिवस आधी पूर्ण झाले. एवढे लांब जायलाही नको. जून २०२२मध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एका मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ते मोकळ्या महामार्गावरचे काम होते. दिव्यात जमिनीखाली जलवाहिन्या, गटारे, विजेच्या केबल आहेत, वर दाटीची वस्ती आहे, त्यामुळे तो वेग इथे मागणे अन्याय होईल. पण आखणी मागता येते. ज्या यंत्रणांना पुढच्या वर्षभरात तो रस्ता उकरायचा आहे त्या सर्वांनी काँक्रीट पडण्यापूर्वी आपापले काम उरकावे, एवढे तरी नक्कीच मागता येते.

दिव्याच्या फाटकावरच्या रखडलेल्या उड्डाणपुलाबद्दल मला सगळ्यांत जास्त चीड आहे. फाटक उघडले की लोकल खोळंबते, बंद झाले की पूर्व-पश्चिम दोन्हीकडे वाहनांच्या रांगा लागतात. म्हणजे रुळावरच्या लाखोंचा आणि रस्त्यावरच्या हजारोंचा वेळ एकाच अर्धवट पुलापायी जातो. पुलाच्या वाटेतल्या घरांचे पुनर्वसन हा अवघड प्रश्न आहे आणि त्या कुटुंबांना घाईत हुसकावून लावावे असे कोणी म्हणू नये. पण तो प्रश्न पुढे ढकलल्याने त्यांचेही भले झालेले नाही. बांधकामाच्या सावलीत ती वर्षानुवर्षे टांगणीला लागली आहेत.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. दिव्याच्या रहिवासी संघटनांनी, रिक्षा संघटनांनी या दिवाळीत महापालिकेला तीन गोष्टी विचाराव्यात: येत्या उन्हाळ्यात आमच्या प्रभागात कोणते रस्ते खोदणार, प्रत्येकाच्या कार्यादेशाची तारीख काय, आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्या कोणत्या यंत्रणेने खोदाईची परवानगी मागितली आहे. उत्तर डिसेंबरपर्यंत हातात येईल. ज्या कामाचा कार्यादेश तेव्हाही निघालेला नसेल, त्याबद्दल आयुक्तांकडे जायला नवीन वर्षाचे पहिले आठवडे मोकळे असतील, आणि रस्ताही तोवर मोकळाच असेल.