फेकणं आणि सोडणं



आजचं चिंतन गीतेच्या १८व्या अध्यायातल्या ८व्या श्लोकावर. भगवंत सांगतात, त्रास नको म्हणून कर्म टाकून दिलं तर तो राजस त्याग. त्यागाचं फळ त्याला मिळत नाही.

वाचताना मला वाशीचा खाडीपूल आठवला. गेल्या वर्षापर्यंत घरचं निर्माल्य मी तिथूनच सोडायचो, पिशवीसकट. हात जोडायचो आणि पाच मिनिटांत विसरायचो. समजूत एकच, सगळं शेवटी समुद्राला मिळतं.

तसं होत नाही. पिशवी उन्हाने कडक होते, तिचे तुकडे पडतात, तुकड्यांचेही तुकडे. ५ मिलिमीटरपेक्षा लहान झाले की ते मायक्रोप्लास्टिक. हलकंच ते, तरंगत निघून जाईल असं वाटतं ना? पण त्यावर जिवाणूंचा, शेवाळाचा थर चढतो आणि ते जड होतं. शिवाय नदी-नाल्यांचं गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथे पाण्यातली बारीक माती एकमेकींना चिकटून तिच्या गुठळ्या होतात. प्लास्टिकचे कण त्यात अडकतात आणि चिखलात बसतात. ओहोटी थोडं बाहेर नेते, भरती त्यातलं बरंच परत आत आणते. तिवरांच्या मुळांतही पुष्कळ अडकून राहतं. दिवसातून दोनदा हेच चालू.

त्याच चिखलात चोच उलटी घालून फ्लेमिंगो आपलं अन्न गाळून घेतात. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळ झाली, तेव्हा त्यांचे फोटो मीही हौसेने स्टेटसला ठेवले होते!

मग मी करायचो ते अर्पण होतं का? आजी म्हणते, भाव महत्त्वाचा. भाव होताच की. पण फुलं वेगळी काढायची, कुंडीत जिरवायची, याला वेळ लागतो, वासही येतो. तो त्रास मी वाचवला आणि त्याला समर्पण म्हटलं. देवाला देताना आपण ‘हे माझं नाही’ म्हणतो. पिशवी सोडताना मीही तेच म्हणत होतो, फक्त अर्थ होता ‘आता माझी जबाबदारी नाही’.

(पॉलिएस्टरचा कुर्ता धुताना त्यातूनही धागे जातात म्हणे. त्याचं काय करायचं, मला अजून सुचलेलं नाही.)

आज सकाळी हाराची फुलं कुंडीत घातली. दोरा नायलॉनचा निघाला. तो अजून ओट्यावरच पडलाय.