नव्या फोनमधला जुना प्रोग्रॅम

हातात मावणाऱ्या जुन्या संगणकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम आजच्या फोनवर नुसता उतरवून घेतला तर चालत नाही. प्रोग्रॅम म्हणजे एका विशिष्ट प्रोसेसरला कळतील अशा सूचनांची रांग. 1996 साली आलेल्या पाम पायलटमध्ये मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर होता. त्याचा वेग 16 मेगाहर्ट्झ, पडदा 160 गुणिले 160 ठिपक्यांचा, आणि पहिल्या स्वस्त मॉडेलची स्मृती अवघी 128 किलोबाइट. त्यासाठी लिहिलेल्या सूचना आजच्या फोनमधल्या एआरएम प्रोसेसरला समजत नाहीत. त्या समजावून सांगणारा दुभाषा मध्ये बसवावा लागतो. त्यालाच एम्युलेटर म्हणतात.

दुभाषा दोन प्रकारे काम करतो. पहिल्या प्रकारात जुने यंत्रच सॉफ्टवेअरमध्ये उभे केले जाते: प्रोसेसर, स्मृती, पडदा, घड्याळ, बटणे, सगळे. मग त्यात त्या यंत्राच्या रॉममधली, म्हणजे कायमच्या स्मृतीतली, मूळ कार्यप्रणाली घातली की ती आपण खऱ्या पामवरच आहोत अशा समजुतीने सुरू होते. दुसऱ्या प्रकारात मूळ कार्यप्रणाली लागत नाही. प्रोग्रॅम तिच्याकडे जी जी कामे मागतो (खिडकी उघड, अक्षर काढ, नोंद साठव) ती करून देणारा नवा थर लिहिला जातो. पामचे प्रोग्रॅम इतर फोनवर चालवणारा ‘स्टाइलटॅप’ हा या दुसऱ्या जातीचा, तर ब्राउझरमध्ये चालणारा ‘क्लाउडपायलट’ पहिल्या जातीचा. 2022 साली इंटरनेट अर्काइव्हने पामच्या शेकडो प्रोग्रॅमचा संग्रह खुला केला तो क्लाउडपायलटच्या जोरावर. वेगाची अडचण दोन्ही प्रकारांत उरलेली नाही. आजचा साधा फोनही मूळ यंत्राच्या कितीतरी पट वेगवान आहे.

जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख दोन हजार वर्षांहून अधिक काळ खडकावर आहे. अक्षरे जागच्या जागी होती, पण मधली कित्येक शतके ती वाचणारा कोणी नव्हता. जेम्स प्रिन्सेपने 1837 च्या सुमारास त्यांची ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा त्याला मुख्य आधार झाला तो सांचीच्या छोट्या दानलेखांचा. जुन्या प्रोग्रॅमची गत अशीच असते. फाइल शाबूत असते, वाचणारे यंत्र नाहीसे झालेले असते. एम्युलेटर लिहिणाऱ्याच्या हाती अशा दानलेखांऐवजी प्रोसेसरची छापील माहितीपुस्तके असतात, म्हणून त्याचे काम पुष्कळच सोपे. पामच्या बाबतीत तर कंपनीनेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एम्युलेटर वाटला होता. 2002 मध्ये तिने स्वतः एआरएम प्रोसेसर स्वीकारला तेव्हा जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून नव्या कार्यप्रणालीतच दुभाषा बसवला. म्हणजे ही विद्या केवळ हौशी मंडळींनी मागाहून काढलेली नाही, धंद्याच्या गरजेसाठीही ती तेव्हाच वापरात होती.

चांगला एम्युलेटर मूळ यंत्राचे दोषही इमानाने उतरवतो. पामच्या तारखेत वर्षासाठी सातच बिट राखलेले आहेत आणि मोजणी 1904 पासून सुरू होते, त्यामुळे तिची रोजनिशी 31 डिसेंबर 2031 ला संपते. नव्या फोनवरही ती तिथेच संपेल.

जुन्नर-आंबेगावच्या बाजारपेठांत पाम क्वचितच कोणाच्या खिशात दिसला असेल. इथे हातातला संगणक आला तो मुख्यतः दोन वाटांनी: एसटीच्या वाहकाच्या गळ्यातले तिकीट मशीन आणि नोकियाचा बटणांचा फोन. तिकीट मशीनचा प्रोग्रॅम कधी लोकांच्या हाती आलाच नाही. वाहकांकडे अँड्रॉइडवर चालणारी मशीन आली तेव्हा जुन्यांबरोबर त्यांचे प्रोग्रॅमही गेले. फोनचे तसे झाले नाही. त्यातले खेळ, कॅल्क्युलेटर, शब्दकोश हे जावा भाषेत लिहिलेले असत आणि ब्लूटूथवरून गावभर फिरत. जावाचा प्रोग्रॅम मुळातच कोणा एका प्रोसेसरसाठी लिहिलेला नसतो, तो एका कल्पित यंत्रासाठी असतो. म्हणून तो नव्या घरात सहज रुळतो. अँड्रॉइडवरचा ‘जे2एमई लोडर’ अशी फाइल घेतो, तिच्या सूचना अँड्रॉइडच्या साच्यात बदलतो, जुन्या पडद्याचे माप विचारतो आणि खाली आकड्यांची बटणे काढून देतो. बोटाला उंचवटा लागत नाही, तेवढी उणीव राहते.

खरी अडचण प्रोग्रॅमला बाहेरचे कोणी लागत असेल तेव्हा येते. नोकियाने ‘लाइफ टूल्स’ ही सेवा आधी महाराष्ट्रात अजमावली आणि 2009 मध्ये बाजारात आणली. हवामान, पिकांचा सल्ला आणि बाजारभाव त्यात चित्रांच्या पडद्यावर दिसत. माहिती मात्र एसएमएसने येई, त्यामुळे इंटरनेट नसले तरी भागत असे. त्याच्या थोडे आधी, 2007 साली, ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नुसत्या एसएमएसने भाव कळवू लागले होते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन जाणाऱ्याला किंवा मंचरला कांदा नेणाऱ्याला आदल्या दिवशीचा भाव घरी कळणे ही लहान गोष्ट नव्हती. पण भाव कळला म्हणून जास्त भाव मिळतो असेही नाही. फाफशाँ आणि मिंटन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या शंभर गावांत या एसएमएस सेवेची पाहणी केली. शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरासरी भावात ठळक फरक त्यांना आढळला नाही. ते निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले.

नोकियाची सेवा 2013 च्या अखेरीला बंद झाली. आता असा एखादा प्रोग्रॅम कोणी नव्या फोनवर उघडला तर चित्रे दिसतील, बटणे चालतील, पण भाव येणार नाही, कारण भाव प्रोग्रॅममध्ये कधीच नव्हता. तो पाठवणारी माणसे, गोळा करणारी कचेरी, मोबाइल कंपनीशी झालेला करार यांचे एम्युलेशन होत नाही. उलट पामची रोजनिशी कोणावाचून अडत नव्हती. तिला नेटवर्क नव्हतेच, आणि त्या गरिबीमुळेच ती टिकली. जे सॉफ्टवेअर जितके एकटे, तितके ते दीर्घायुषी. आजचे जोडलेले प्रोग्रॅम जुन्यांपेक्षा सरस असतील, पण टिकण्याच्या बाबतीत नाहीत.

आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाड्यांवर, हा मुद्दा नुसत्या हौसेचा राहत नाही. तिथे रेंज आजही भरवशाची नाही. 2021 मध्ये राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवून नंतर पाठवण्याची सोय त्यात आहे, आणि ही सोय थेट हातसंगणकांच्या काळातली आहे: दिवसभर नोंदी घ्यायच्या, संध्याकाळी मोठ्या संगणकाला जोडायचे. मात्र प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की जुनी चालत नाही, आणि नवी उतरवायला रेंजच लागते.

फोनही आपल्याच जुन्या प्रोग्रॅमना झपाट्याने परके करत आहेत. ॲपलने 2017 मध्ये 32 बिटांचे प्रोग्रॅम चालवणे थांबवले. 2022 च्या पिक्सेल 7 वरही ते चालत नाहीत. अँड्रॉइड 14 तर 6.0 च्या आधीच्या आवृत्त्यांसाठी लिहिलेले प्रोग्रॅम सहजासहजी बसवूच देत नाही. सुरक्षेचे कारण खरे आहे, पण परिणाम विचित्र आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा अँड्रॉइडचा प्रोग्रॅम नाकारणारा फोन तीस वर्षांपूर्वीचा पामचा प्रोग्रॅम एम्युलेटरमध्ये बिनतक्रार चालवतो.

मराठी मजकुराची आणखी एक भानगड आहे. युनिकोड हा सामायिक संकेत रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टचा आपला स्वतंत्र संकेत असे, आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. प्रोग्रॅम चालला तरी तोच फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तेव्हा एम्युलेटरबरोबर फॉन्टही जपावा लागतो, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

जुन्नर तालुक्यातच जुने सॉफ्टवेअर वेगळ्या रीतीने जगवलेलेही पाहायला मिळते. खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांच्या निरीक्षणांवर काम करणारे खगोलशास्त्रज्ञ ‘एआयपीएस’ ही प्रणाली वापरत आले आहेत. तिचे लेखन अमेरिकेत 1978 च्या सुमारास सुरू झाले. ती आजच्या लॅपटॉपवर एम्युलेटरविना चालते, कारण तिचा सोर्स कोड सर्वांच्या हाती आहे आणि प्रत्येक नव्या यंत्रावर तो पुन्हा कंपाइल करता येतो, म्हणजे त्या यंत्राच्या सूचनांत उतरवता येतो. माहितीचेही तसेच. दुर्बिणीच्या स्वतःच्या मांडणीतल्या फाइली ‘फिट्स’ या जगमान्य मांडणीत उतरवल्या जातात. सोर्स कोड बंद ठेवणाऱ्या कंपन्यांच्या प्रोग्रॅमला हा मार्ग मोकळा नसतो, म्हणून तिथे एम्युलेटर लागतो.

कायदा इथेच आडवा येतो. पूर्ण यंत्र उभे करणाऱ्या एम्युलेटरला मूळ रॉम लागते, आणि कंपनी बुडाली किंवा विकली गेली तरी तिचा स्वामित्वहक्क उरतोच. पाम 2010 मध्ये एचपीने विकत घेतली. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला तो ज्या कामासाठी मिळाला त्या कामापुरती प्रत किंवा रूपांतर करू देते, आणि नाश होऊ नये म्हणून राखीव प्रतही. स्वतःच्या बंद पडलेल्या पाममधली रॉम काढून स्वतःच्या फोनवर चालवणारा या सवलतीच्या बराच जवळ येतो. तीच रॉम दुसऱ्याला वाटणारा या सवलतीच्या बाहेर राहतो.