रक्त कुठून येतं आणि कशामुळे

१९५८ साली एडवर्ड हाइड या अमेरिकी डॉक्टरांचं एक छोटं पत्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या निदान १० रुग्णांच्या आतड्यांतून भरपूर रक्त गेलं होतं आणि कारण काही सापडत नव्हतं. हृदयाचा आतड्याशी काय संबंध?

शल्यवैद्यकाला हा प्रश्न अवघड जाणारच होता. पादुआच्या मोर्गान्यीने १७६१ मध्ये रोगाचं ठाणं अवयवात शोधायला शिकवलं, तेव्हापासून ठाणं काढलं की रोग गेला, ही सर्जनची श्रद्धा. इथलं ठाणंही खोटं नव्हतं. उतारवयात मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांच्या भिंती पातळ होतात. याला अँजिओडिस्प्लेशिया म्हणतात. पोट उघडलं तरी त्या दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. म्हणून अँजिओग्राफी येण्याआधी अंदाजानेच आतडं कापलं जाई, आणि कित्येकांना पुन्हा रक्त जाई.

१९८७ मध्ये मेयो क्लिनिकच्या सर्जननी झडप अरुंद असून आतड्यातून रक्त जाणाऱ्या रुग्णांचा हिशेब मांडला. झडप बदललेल्यांपैकी ९३ टक्क्यांचा रक्तस्राव थांबला होता. पोटाच्या शस्त्रक्रियेने जेमतेम ५ टक्क्यांचा. पुढे उलगडा झाला. अरुंद झडपेतून वेगाने घुसताना रक्तातल्या व्हॉन विलेब्रँड या प्रथिनाच्या लांब साखळ्या तुटतात आणि गोठण्याची ताकद घटते. झडप बदलली की साखळ्या पूर्ववत होतात. आतड्यातल्या वाहिन्या जागच्या जागी राहूनही रक्त थांबू शकतं.

मग कारण कोणतं? न्यायशास्त्राची कसोटी अन्वय-व्यतिरेकाची: एक असलं तर दुसरं असतं, नसलं तर नसतं. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, तरी नैयायिक त्याला घटाचं कारण मानत नाहीत, ते अन्यथासिद्ध, म्हणजे त्याच्यावाचूनही घट होऊ शकतो. पण इथे गाढव कोण? दुबळी वाहिनी नसती तर रक्त आलं नसतं, झडप धड असती तरीही बहुधा नसतंच. दोन्हींना व्यतिरेक लागू पडतो. आतड्याला निव्वळ जागा आणि झडपेला खरं कारण म्हणणं सोपं आहे, पण तो न्याय अर्धवट आहे. अँजिओडिस्प्लेशियाच्या कित्येक रुग्णांची झडप ठणठणीत असते. तिथे दुर्बिणीतून वाहिनी जाळतात. त्याने भागलं नाही आणि जागा पक्की कळली असेल, तर आतड्याचा तेवढा भाग काढणं आजही योग्यच ठरतं.