बाटलीतला दोष

धनत्रयोदशीला धन्वंतरीपुढे धने-गूळ ठेवतात. त्या गोडाबरोबर मला दुसरे एक गोड हटकून आठवते. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोक्यातला वा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून रोग्यांना ग्लिसरॉल पाजले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. तेही चवीला गोडच! मूत्रपिंडे निकामी होऊन १४ माणसे गेली.

न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी केली, आणि दोष एकट्या पुरवठादारापाशी थांबला नाही; औषध-प्रशासनापर्यंत आणि रुग्णालयापर्यंत पोचला. आता पाहा, वाल्याच्या बायकामुलांनी त्याच्या पापात वाटा घ्यायचे साफ नाकारले, म्हणून तर त्याचे डोळे उघडले. इथे उलटे. पाप इतक्या हातांत वाटले गेले की कोणाच्याच ओंजळीत ते जड वाटू नये! वाटल्याने पाप कमी होते काय? मला तसे वाटत नाही. सही करणाऱ्या प्रत्येकाने ते सगळेच्या सगळे उचलले, असेच मी म्हणेन.

कायदा मात्र तोलूनमापून बोलतो, आणि तो अगदीच मुका नाही. १९४० च्या औषध कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली. भेसळीच्या वा बनावट औषधाने मृत्यू ओढवला तर किमान दहा वर्षे कैद, प्रसंगी जन्मठेप, आणि दंडाची रक्कम पीडिताला किंवा त्याच्या वारसांना. शुल्क भरून कोणालाही आपले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. २०१९ च्या ग्राहक कायद्याने सदोष मालाबद्दल उत्पादकाकडे, प्रसंगी विक्रेत्याकडेही, भरपाई मागता येते; तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत हवी. ‘आमचे नशीब’ म्हणून बाटली उकिरड्यावर फेकणाऱ्या घरांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. बाटली आणि पावती जपावी.

पण ज्याच्याजवळ पावतीच नाही त्याचे काय? जिथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतात तिथला रोगी ‘ग्राहक’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. काहींकडून पैसे घेतले जात असतील तर तिथल्या फुकट्या रोग्यालाही ते दार उघडे आहे. बाकीच्यांनी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी, नाहीतर सरकारविरुद्ध उच्च न्यायालयात जावे. शब्दार्थाने हे बरोबर असेलही. मात्र विष पोटात गेल्यावर कोणी पैसे मोजले होते हे मूत्रपिंड विचारत नाही. आणि पुराव्याचे म्हणाल, तर फुकटच्या वॉर्डात रोग्याच्या हाती बाटली येतच नाही. परिचारिका मापाने औषध ओतते, आणि तो विश्वासाने तोंड उघडतो.