‘वय झाले’ म्हणजे काय?

ठाणे खाडीत होडीचे जुने मशीन ओढेनासे झाले की काठावरचे म्हणतात, “वय झाले, काढून टाका.” जाणता मेकॅनिक आधी पेट्रोलमध्ये पाणी शिरले का ते पाहतो, मग काजळलेला प्लग, तुंबलेला कार्बोरेटर, पंख्यात गुंतलेले प्लास्टिक. कधी पिस्टनच्या रिंगाच झिजलेल्या निघतात. पण तेही तपासल्यावरच कळते. नुसते ‘वय’ म्हटल्याने कारण सापडत नाही.

बंधुभगिनींनो, घरातले आजोबा अबोल झाले की आपणही तेच म्हणतो. त्यांना ऐकू कमी येते का, गुडघा दुखतो का, की दिवसभर त्यांच्याशी कोणी बोलतच नाही? ‘वय झाले’ म्हटले की आपली जबाबदारी संपते. म्हणून ते सोयीचे वाटते. विचारपूस न करता दिलेला निकाल हा अन्यायच होय.