लांडगा कोणाच्या खर्चाने जगतो?

मार्च 2025मध्ये युरोपातला लांडगा कायद्याची एक पायरी खाली उतरला. युरोपातील वन्यजीवांच्या संरक्षणासाठीच्या बर्न कराराने त्याला ‘कडक संरक्षित’ गटातून काढून नुसत्या ‘संरक्षित’ गटात टाकले आणि मे महिन्यात युरोपीय संसदेने त्याच दिशेने मतदान केले. युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांचे तट्टू 2022मध्ये लांडग्याने मारले होते, त्याचीही चर्चा झाली.

अशा वेळी वन्यजीवांचे कैवारी सिंगापूरचा दाखला देतात. तिथे पाणमांजरे 1970च्या सुमारास दिसेनाशी झाली होती. नद्या स्वच्छ झाल्यावर, 1998मध्ये ती सुंगई बुलोहला परतली आणि पुढे बिशानच्या बागेपर्यंत पोहोचली. वन्यजीव कायदा 2020मध्ये कडक झाला. परवानगीशिवाय रानटी प्राण्याला खाऊ घातले तर पहिल्याच गुन्ह्याला 5,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होतो. एवढ्या दाट शहराला जे जमले ते इतरांना का जमू नये, असा हा युक्तिवाद आहे.

तो अपुरा आहे. सिंगापूरची पाणमांजरे खाजगी तळ्यांतले कोई मासे फस्त करतात. मासे महाग असतात, मालकाला हळहळही वाटते, पण त्याची चूल त्या माशांवर पेटत नाही. तळ्याभोवती कुंपण घाला, हा सल्ला त्याला परवडतो. जिथे भीती खरी होती तिथे हेच बेट वेगळे वागले. एकोणिसाव्या शतकात गांबियरच्या मळ्यांत वाघ मजुरांना मारत, तेव्हा सरकारने वाघाच्या शिरावर बक्षीस लावले. शेवटचा रानटी वाघ 1930मध्ये गोळीला बळी पडला.

आपल्याकडेही तेच झाले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत ब्रिटिश भारतात दोन लाखांवर लांडगे मारले गेले. आज देशात उरलेत सुमारे 3,000. म्हणून 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातले पहिल्या अनुसूचीचे संरक्षण ढिले करू नये. बंदुकीला एकदा मोकळीक दिली की ती कुठे थांबते, हे त्या पन्नास वर्षांनी दाखवले आहे.

पण हे संरक्षण पेलतो कोण? सासवड, इंदापूर, नान्नजच्या माळांवर रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून बसणारा धनगर. कोकरू लांडग्याने उचलून नेले की मागे काही उरत नाही. भरपाईसाठी पंचनामा हवा, पंचनाम्याला पुरावा हवा, आणि धनगरांचा फिरता वाडा तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघालेला असतो. तरीही कित्येक धनगर नुकसान ‘लांडग्याचा वाटा’ म्हणून सोसतात. त्यांच्या सोसण्यावर उभ्या असलेल्या संरक्षणाचे श्रेय शहरातल्या माणसाने घ्यावे, हा अन्याय आहे.

कायद्याची दुसरी उणीव याहून खोल आहे. लांडगा मारणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद आहे. अभयारण्याबाहेर त्याचा माळ मारणाऱ्याला काही नाही. महसुली दप्तरात गवताळ माळ ‘पडीक’ ठरतो, मग तिथे औद्योगिक वसाहत येते, सौर प्रकल्प येतो, किंवा वनीकरणाच्या नावाने खड्डे खणले जातात. वस्ती वाढली की भटकी कुत्री येतात. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. हा धोका बंदुकीचा नाही, त्यामुळे शिकारबंदी त्याला रोखू शकत नाही.

तेव्हा भांडण अनुसूची बदलण्याचे नाही. भरपाई वाड्याच्या वाटेवरच, मागच्या तालुक्याला परत न जाता मिळावी. पंचनाम्यात धनगराच्या शब्दाला वजन असावे. माळाला दप्तरात गवताळ अधिवास म्हणून स्वतंत्र नोंद मिळावी. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली आहे. तिथे लांडगा पाहायला येणाऱ्यांकडून जे शुल्क घेतले जाते, त्यातला ठरलेला हिस्सा त्याच माळावर मेंढरे चारणाऱ्यांकडे जायला हवा.