सेवेचा गौरव आणि निष्काम कर्म

एखादा मनुष्य आपले नेमलेले काम चोखपणे करीत असेल, तर त्याची स्तुती करावी काय? प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु विचार करू लागले म्हणजे दोन आक्षेप पुढे येतात. पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. त्याला कामाचे वेतन मिळते. मग जे विकत घेतले त्याबद्दल आभार कशाला? दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म असून तो गीतेच्या अभ्यासकांकडूनच येतो. कर्म करावे, फळाची आशा धरू नये, हा जर उपदेश आहे, तर प्रशस्तिपत्रे आणि पारितोषिके देऊन आपण माणसाला फलाशेच्याच जाळ्यात ढकलीत नाही काय?

ह्या प्रश्नाचा विचार आजच्या काळातील एका उदाहरणावरून करू. म्हैसूर शहरातून नंजनगूडच्या रस्त्याला लागले, की काही अंतरावर मंडकळ्ळीचा विमानतळ येतो. संस्थानी अमदानीत, १९४०च्या दशकात, येथे धावपट्टी झाली. प्रवाशांसाठी नवी इमारत २०१० साली उघडली. धावपट्टी आखूड असल्यामुळे येथे पंख्यांची लहान विमाने येत. मधल्या काळात सेवा सुरू झाली, बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. विमानतळ लहान असो की मोठा, त्याची ओळख प्रवाशाला इमारतीवरून पटत नाही. दारावर ओळखपत्र पाहणारा जवान, खिडकीपाशी सामान वजन करून घेणारी मुलगी, वृद्धेची चाकांची खुर्ची ढकलणारा तरुण आणि स्वच्छतागृह पुसणारी बाई, ह्या चौघांच्या वागण्यावरून ती पटते. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या आजीच्या मनात जी धाकधूक असते, ती संगमरवरी फरशीने कमी होत नाही. ‘आजी, घाबरू नका, विमान सुटायला अजून वेळ आहे,’ ह्या एका वाक्याने ती कमी होते.

विमानतळांच्या व्यवस्थापकांनाही हे उमगलेले आहे. एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल ह्या जागतिक संस्थेने २००६ साली सेवेची गुणवत्ता मोजण्याचा उपक्रम सुरू केला. प्रवास करणाऱ्या लोकांना त्याच दिवशी, विमानतळावरच, प्रश्नावली देतात. रांगेत किती वेळ गेला, स्वच्छता कशी होती, कर्मचारी सौजन्याने वागले काय, असे त्यात विचारलेले असते. त्या उत्तरांवरून विमानतळांना पारितोषिके मिळतात. बंगळूर, दिल्ली, मुंबई, हैदराबाद व कोची येथील विमानतळांनी असे मान मिळविले आहेत. अनेक ठिकाणी उत्तम सेवकाचीही निवड होते आणि त्याचे छायाचित्र भिंतीवर लागते.

ह्यात वाईट काहीच नाही. पण धोका मात्र आहे. सौजन्याला गुण देऊ लागलो, की सौजन्याचा देखावा करण्याकडे मनाचा कल होतो. आर्ली हॉकशील्ड ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. हसणे हाच ज्यांच्या नोकरीचा भाग ठरतो, त्यांना पुढे पुढे आपले खरे हसू कोणते आणि पगाराचे कोणते हेच कळेनासे होते, असे तिचे म्हणणे आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा दंभ होय, आणि तो दुसऱ्याने लादलेला दंभ असल्यामुळे अधिकच केविलवाणा होय.

दुसरा धोका असा, की उत्तम सेवा नेहमीच गोड लागते असे नाही. १९९९ सालच्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेले भारतीय विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर, २००० सालापासून, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान आपल्या विमानतळांवर उभे राहू लागले. त्यांतील एखादा जवान एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाला रांगेत परत पाठवितो, त्याच्या पिशवीतील सुरी काढून घेतो, ओळखीचा वशिला मानीत नाही. त्या गृहस्थाच्या हातात त्या क्षणी प्रश्नावली दिली, तर तो काय लिहील? आणि तरीही त्या विमानातील सर्व जीवांची खरी सेवा त्या नकारातच घडलेली असते. म्हणून केवळ ज्याने आपल्याला सुख दिले त्याचाच गौरव करणे हा न्याय नव्हे. ज्याने नियम मोडू दिला त्याची स्तुती आणि ज्याने नियम पाळला त्याची तक्रार, असा व्यवहार आपल्याकडे पुष्कळ घरी चालतो, हे आपण मान्य केले पाहिजे.

मग गौरव करूच नये काय? येथे महाभारतातील एक प्रसंग फार बोलका आहे. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात कामांची वाटणी झाली. राजेलोकांनी आणलेले नजराणे स्वीकारण्याचे काम दुर्योधनाकडे आले. श्रीकृष्णाने मात्र दारी येणाऱ्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम आपल्याकडे घेतले. पाहुण्याची पहिली गाठ पडते ती ह्याच जागी. आजच्या भाषेत बोलायचे तर हीच दर्शनी सेवा. पुढे अग्रपूजेचा मान कोणाला, हा प्रश्न निघाला, तेव्हा भीष्मांनी श्रीकृष्णाचे नाव घेतले. भीष्मांनी दिलेली कारणे वेगळी होती, पाय धुणे हे त्यांतील कारण नव्हते. तरीपण ज्याला सर्वांत मोठा मान दिला गेला, त्यानेच सर्वांत खालचे मानलेले काम मागून घेतलेले होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. त्याने ते काम मानासाठी केले नाही; आणि मान समोर आला तेव्हा त्याने तो झिडकारलाही नाही. उलट, नजराणे मोजणारा दुर्योधन मत्सराने होरपळत परत गेला, आणि शिशुपालाला दुसऱ्याचा गौरव सहनच झाला नाही.

ह्या प्रसंगाच्या प्रकाशात दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर सापडते. फळाची आशा सोडण्याचा उपदेश कर्त्याला केलेला आहे. सेवा घेणाऱ्याला केलेला नाही. कर्त्याने स्तुतीची वाट पाहू नये हे खरे. पण म्हणून आपण स्तुती करू नये, असे त्यातून मुळीच निघत नाही. सावकाराने तगादा लावला नाही म्हणून ऋणकोचे ऋण फिटत नसते. दुसऱ्याच्या वैराग्याचा आधार घेऊन आपली कृतघ्नता झाकणे हा गीतेच्या उपदेशाचा सर्वांत सोयीस्कर दुरुपयोग आहे.

आता पहिला आक्षेप. वेतन दिले म्हणजे सर्व दिले काय? वेतनाने मनुष्याचे तास विकत घेता येतात, हात विकत घेता येतात. लक्ष विकत घेता येत नाही. खुर्ची ढकलण्याचे काम नेमून देता येते. पण उतारावर खुर्ची हळू न्यावी, म्हातारीला पाणी हवे आहे हे तिने न सांगता ओळखावे, हे कोणत्याही करारपत्रात लिहून घेता येत नाही. हा जास्तीचा भाग देणगीच असतो, आणि देणगीची परतफेड नाण्यांत होत नाही, कृतज्ञतेत होते. मात्र ह्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. विमानतळांवर सफाई करणारे व सामान वाहणारे पुष्कळ लोक कंत्राटदाराच्या हाताखाली काम करतात. त्यांना पुरेसा पगार न देता नुसता पुष्पगुच्छ देणे, हा गौरव नव्हे. ती थट्टा होय. वेतन हा न्यायाचा भाग आहे, स्तुती हा प्रीतीचा भाग आहे. प्रीतीने न्यायाची जागा घेऊ नये आणि न्यायाने प्रीतीची गरज संपली असे मानू नये.

गौरव कोणासाठी करावयाचा, हेही पाहू. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीच्या विमानतळावर चार सशस्त्र इसमांनी ताब्यात घेतले. विमानातील सेवकवर्गाची प्रमुख नीरजा भनोत हिने वैमानिकांना तत्काळ इशारा दिल्यामुळे ते निसटू शकले व विमान जमिनीवरच राहिले. ज्यांच्यावर विशेष रोख होता त्या अमेरिकन प्रवाशांची पारपत्रे तिने व तिच्या सहकाऱ्यांनी लपविली. अखेर गोळीबार सुरू झाला, तेव्हा ती प्रवाशांना बाहेर काढता काढता मारली गेली. तिला तेवीस वर्षे पूर्ण व्हायला दोनच दिवस उरले होते. भारत सरकारने तिला मरणोत्तर अशोकचक्र दिले. ते पदक घेण्यास ती नव्हती. मग तो गौरव कोणासाठी होता? तो आपल्यासाठी होता. समाज ज्याला मान देतो त्यावरून पुढच्या पिढीला श्रेष्ठ काय ते कळते. गीतेत ज्याला लोकसंग्रह म्हटले आहे, त्याचे हेही एक अंग आहे. गौरवाने कर्त्याला काही मिळो न मिळो, गौरव न करणारा समाज मात्र दरिद्री होतो.

म्हैसूरचा दसरा पाहणाऱ्यांचे डोळे सोन्याच्या अंबारीवर खिळलेले असतात. तिचे वजन सुमारे ७५० किलो आहे आणि तीत चामुंडेश्वरीची मूर्ती असते. ते ओझे घेऊन गर्दीतून चालणारा हत्ती बिथरत नाही, तो माहुताच्या भरवशावर. ह्याच म्हैसुरात दसऱ्याच्या दिवसांत राजवाड्याच्या आवारात माहुतांना व त्यांच्या सोबत्यांना पंक्तीस बसवून फराळ वाढतात. अंबारीकडे पाहणाऱ्या नगरीने माहुताचीही आठवण ठेवावी, हे औचित्य जपण्यासारखे आहे.

ह्यावरून गृहस्थाश्रमी मनुष्याने काही गोष्टी ठरवून घ्याव्या. सेवा करणाऱ्याचे नाव वाचावे आणि त्या नावाने त्याला हाक मारावी. स्तुती करताना मोघम बोलू नये. त्याने नेमके काय केले ते सांगावे, आणि शक्य तर त्याच्या वरिष्ठाला दोन ओळी लिहून कळवावे. हातात गुपचूप नोट सरकवू नये. तीमुळे उपकाराचा व्यापार होतो. नियमाने दिलेला नकार शांतपणे स्वीकारावा आणि तोही कर्तव्यच होते असे मुलांसमोर बोलून दाखवावे. सेवा करणाऱ्यानेही मिळालेल्या स्तुतीला मजुरी समजू नये. आपले काम योग्य जागी पोहोचले, एवढाच निरोप तिच्यात आहे असे मानून पुढच्या प्रवाशाकडे वळावे.

आणि हा अभ्यास विमानतळापर्यंत जाण्याची वाट पाहत राहण्याचे कारण नाही. रोज पहाटे दारात दूध ठेवणारा, टपाल आणणारा, गल्ली झाडणारी, आणि घरात सर्वांना वाढून शेवटी पानावर बसणारी माउली, ह्यांच्यापासून त्याला आरंभ करता येतो. त्यांनी फळाची आशा धरलेली नाही. म्हणूनच त्यांचे ऋण आपण आपणहून ओळखले पाहिजे.